वापरकर्त्यांच्या मागण्या व आज्ञावलीकाराचा नकार : ‘टेक’ प्रणालीच्या निमित्ताने

संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे ज्यांना आपण व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतो त्या, रचणाऱ्या मंडळींकडे वापरकर्त्यांची जी पत्रे येतात त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील पत्रांत दोष दाखविलेला असतो. जे घडेल असे निर्मात्यानेच सांगितले होते ते घडत नाही, अशी ती तक्रार असते. दुसऱ्या वर्गातील पत्रांत मागणी असते. निर्मात्याने जे कधी सांगितलेच नव्हते ते यापुढे घडावे, अशी तिच्यामागील अपेक्षा असते. तक्रारीला काय उत्तर द्यावे याविषयी फारसा मतभेद संभवत नाही. दोष खरा असेल तर तो काढावा, खरा नसेल तर तसे कळवावे. मागणीचे तसे नाही. ती मान्य करणे म्हणजे सौजन्य आणि अमान्य करणे म्हणजे आळस किंवा अहंकार, असा एक समज वापरकर्त्यांमध्ये रूढ आहे. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ आज्ञावलीकारांचाही तोच समज असतो. हा समज कितपत टिकतो ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचनासाठी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली घेतली आहे. (या नावातील शेवटचे अक्षर ग्रीक असून त्याचा मूळ उच्चार ‘टेख’ याच्या जवळपासचा आहे, परंतु आपल्याकडे ‘टेक’ असेच म्हणण्याचा प्रघात पडला आहे व येथे तोच पाळला आहे.) ही निवड करण्याचे कारण असे की, तिच्या निर्मात्याने आपण काय बदलले, काय बदलले नाही आणि का, याची नोंद इतक्या काटेकोरपणे ठेवली आहे की तशी नोंद अन्यत्र क्वचितच सापडेल. शिवाय देवनागरी मजकुराच्या जुळणीशीही या प्रणालीचा संबंध आलेला आहे, आणि तेथे नकाराची दुसरी बाजू पाहावयास मिळते.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीचा खुलासा अवश्य आहे. एखाद्या कोशाची सुधारलेली आवृत्ती निघाली म्हणजे फडताळातील जुनी प्रत बदलत नाही. जुन्या प्रतीवर विसंबून लिहिलेला प्रबंधही बदलत नाही. आज्ञावलीची गोष्ट वेगळी आहे. वापरकर्ता आपला मजकूर, आपले कोष्टक किंवा आपले गणित तिच्या नियमांनुसार लिहून ठेवतो, आणि तो मजकूर पुन्हा उलगडण्याचे काम प्रत्येक वेळी त्या आज्ञावलीलाच करावे लागते. नियम बदलला की जुना मजकूर मुका होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, काही वेगळेच बोलू लागतो. म्हणून आज्ञावलीत एकदा शिरलेली सोय ही केवळ सोय राहत नाही. ती अनोळखी माणसांशी केलेला एक करार होऊन बसते.

या कराराचे सर्वांत बोलके उदाहरण बहुधा ‘मेक’ या आज्ञावलीचे असेल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी ती १९७६ साली लिहिली. मोठ्या आज्ञावलीच्या अनेक भागांपैकी कोणते भाग नव्याने बांधावयास हवेत हे ठरविणे हे तिचे काम. तिला द्यावयाच्या मजकुरात काही ओळींच्या आरंभी टॅबचे चिन्ह द्यावे लागते. तेथे साधी मोकळी जागा सोडली तर चालत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, आणि नवशिका हमखास फसतो. ही उणीव फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली होती. पण तोवर सुमारे डझनभर सहकारी ती आज्ञावली वापरू लागले होते आणि त्यांच्या कामात मोडता घालणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. त्या डझनभर माणसांच्या सोयीसाठी जगातील आज्ञावलीकार गेली जवळजवळ पन्नास वर्षे त्या टॅबला अडखळत आहेत. फेल्डमन यांचे चुकले असे म्हणणे आज सोपे आहे. पण त्या दिवशी त्यांच्यासमोर असलेले लोक खरे होते आणि पुढे येणारे लोक कल्पनेतले होते, हेही विसरता येत नाही.

यावरून असे दिसेल की आज्ञावलीकाराकडे वस्तुतः तिसऱ्या वर्गातील पत्रेही यावयास हवीत. ती मात्र कधीच येत नाहीत. ‘आहे ते तसेच राहू द्या’ असे लिहिण्यासाठी कोणी टपाल खर्च करीत नाही. ज्याला नवे काही हवे असते तो बोलतो. ज्याचे सध्याच्या व्यवस्थेवर भागते आहे तो गप्प असतो, आणि व्यवस्था मोडल्यावरच त्याचे अस्तित्व जाणवते. आलेल्या मागण्यांची संख्या मोजून निर्णय घेणारा निर्माता या मूक वर्गाला हटकून अन्याय करतो. टेकच्या इतिहासाचे खरे मोल असे की, या न आलेल्या पत्रांचे वजन तेथे प्रत्यक्ष धरलेले आढळते.

टेकचे जनक डोनाल्ड कनूथ हे स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. आज्ञावलीरचनेच्या कलेवरील त्यांच्या बहुखंडी ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला. त्या काळचे हे खंड मोनोटाइप पद्धतीने, शिशाच्या ओतीव खिळ्यांनी जुळविलेले होते आणि गणिताची जुळणी म्हणजे कसबी जुळाऱ्याच्या हातची कारागिरी होती. पुढे प्रकाशकांनी छायाजुळणीचा मार्ग धरला. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ च्या आरंभी कनूथ यांच्या हाती आली, तेव्हा त्यांतील अक्षरांचे रूप पाहून ते इतके खिन्न झाले की अक्षरजुळणीची प्रणाली आपणच रचावयाची असा निश्चय करून त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी आराखडा लिहावयास घेतला. वर्षभरात हातावेगळे होईल असे वाटलेले हे काम त्यांच्या आयुष्यातील सुमारे दहा वर्षे घेऊन गेले. मूळ ग्रंथाच्या चौथ्या खंडाचा पहिला भाग वाचकांना मिळावयास २०११ साल उजाडले. मागण्यांचा हिशेब करताना निर्मात्याचा वेळ हीही एक जमेस धरावयाची बाब आहे. ती फारसे कोणी धरीत नाही.

आरंभी या प्रणालीचे वापरकर्ते दोनच असावयाचे होते : स्वतः कनूथ आणि त्यांच्या सचिव. आपल्या अनुभवाचा आढावा घेताना कनूथ यांनी पुढे असे प्रतिपादन केले की, नव्या तऱ्हेच्या प्रणालीची कल्पना ज्याने केली त्यानेच ती प्रत्यक्ष रचली पाहिजे, त्यानेच तिचा पहिला मोठा वापर केला पाहिजे आणि तिची पहिली मार्गदर्शिकाही त्यानेच लिहिली पाहिजे. यांतील शेवटची अट विशेष मार्मिक आहे. जी सोय समजावून सांगताना लेखणी अडखळते तिच्या रचनेतच काही तरी बिघडलेले असते. आणि हे कळण्यासाठी ती समजावून सांगण्याची पाळी रचणाऱ्यावरच यावी लागते. अर्थात हा नियम सर्वत्र लागू पडेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. रुग्णालयाची किंवा बँकेची आज्ञावली रचणाऱ्याने प्रथम वैद्य किंवा रोखपाल व्हावे अशी अपेक्षा कोण करील? पण गणिताची जुळणी करणारा गणिती असला तर परक्याची मागणी त्याला अर्ध्या वाक्यात समजते, एवढे खरे.

वापरकर्ते दोनांवर थांबले नाहीत. गाय स्टील यांनी १९७८ साली ही प्रणाली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेतील संगणकावर नेली, आणि तिच्यात अधिक शक्ती घाला असा लकडा कनूथ यांच्यामागे लावला. टेक हे पाने जुळविण्याचे साधन असावे, स्वतंत्र आज्ञाभाषा होऊ नये, अशी कनूथ यांची मूळ धारणा होती. तरीही स्टील यांच्या आग्रहामुळे अनेक गोष्टी दुसऱ्या आवृत्तीत आल्या. ही दुसरी आवृत्ती १९८२ ची. ती मुळापासून नव्याने लिहिलेली असून पहिलीशी सुसंगत नव्हती. म्हणजे पहिलीसाठी लिहिलेला मजकूर दुसरीवर जसाच्या तसा चालत नसे. वापरकर्त्यांना एवढा त्रास एकदा देणे क्षम्य आहे, दुसऱ्यांदा नाही, अशा वृत्तीने पुढची सर्व पावले पडलेली दिसतात.

१९७८ च्या मार्च महिन्यापासून कनूथ यांनी टेकमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची वही ठेवली. दहा वर्षांत तिच्यात साडेआठशेहून अधिक नोंदी झाल्या, आणि १९८९ साली ‘टेकमधील चुका’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या प्रबंधाला त्यांनी ती सबंध वही जोडून प्रसिद्ध केली. स्वतःच्या चुकांची यादी छापून काढणारे विद्वान विरळाच. या नोंदी पंधरा वर्गांत विभागल्या आहेत. त्यांतील नऊ वर्ग दोषांचे व सहा वर्ग सुधारणांचे. ही विभागणी बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण आरंभी सांगितलेली तक्रार व मागणी यांच्यामधील सीमारेषा तीत उघड झाली आहे. ‘विसरलेले कार्य’ हा वर्ग कनूथ दोषांत घालतात. ‘व्यापकतेची किंवा क्षमतेची वाढ’ हा वर्ग सुधारणांत. दोन्ही प्रसंगी आज्ञावलीत पूर्वी नसलेली गोष्ट नव्याने येते. मग भेद कोणता? जे आपल्या उद्दिष्टासाठी पहिल्या दिवसापासून हवेच होते पण राहून गेले तो दोष. जे उद्दिष्टच थोडे पुढे सरकविते ती वाढ. म्हणजे मागणी कोणी केली, किती जणांनी केली किंवा किती कळवळून केली यांपेक्षा ती मूळ उद्दिष्टाच्या कोणत्या बाजूस पडते हे येथे निर्णायक ठरते. उद्दिष्ट स्पष्ट शब्दांत मांडलेले नसेल तर हा निवाडा करताच येणार नाही. आणि बहुतेक ठिकाणी मागण्यांविषयी जी भांडणे होतात त्यांचे मूळ येथेच आहे.

आता त्या प्रसंगाकडे येऊ जेथे कनूथ यांनी आपला शब्द मागे घेतला. सुमारे पाच वर्षे त्यांचा असा निग्रह होता की प्रणाली पूर्ण झाली आहे आणि सतत सुधारत राहणाऱ्या प्रणालीपेक्षा स्थिर प्रणाली श्रेयस्कर होय. परंतु १९८९ च्या ऑगस्टमध्ये टेक-वापरकर्त्यांच्या संघाचे अधिवेशन स्टॅनफर्ड येथे भरले, आणि तेथे युरोपातील वापरकर्त्यांनी त्यांच्यापुढे एक अडचण ठेवली. टेक सात बिटी संकेत घेत असे. म्हणजे तिला एका वेळी १२८ चिन्हे ओळखता येत. इंग्रजीला ती पुरतात. फ्रेंच, स्वीडिश किंवा चेक अक्षरांवरील चिन्हे मात्र वेगळी घेऊन अक्षरावर बसवावी लागत. ती छापून उत्तम येत. अडचण वेगळीच होती. असे चिन्ह शब्दात आले की ओळीअखेर तो शब्द कोठे तोडावा हे ठरविणारे टेकचे यंत्र त्या चिन्हाशी येऊन थांबे आणि शब्दाचा पुढचा भाग अभंग राही. ज्या भाषेत दर दोन-तीन शब्दांआड असे अक्षर येते त्या भाषेचा परिच्छेद त्यायोगे विस्कळीत होई. शिवाय शब्द तोडण्याचे नियम एका वेळी एकाच भाषेचे ठेवता येत. ही गैरसोय काही आजची नव्हती. कॅनडातील मायकेल फर्ग्युसन यांनी तर बहुभाषी कामासाठी टेकची स्वतंत्र सुधारलेली आवृत्ती १९८५ च्या सुमारासच प्रसिद्ध केली होती.

या मागणीचा विशेष असा की, ती बाहेरून भागविता येण्याजोगी नव्हती. टेकमध्ये वापरकर्त्याला स्वतःच्या आज्ञा, म्हणजे मॅक्रो, रचण्याची मुभा आहे. मायकेल स्पिव्हाक यांची अमेरिकन गणित परिषदेसाठी केलेली रचना व लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘लाटेक’ ही सर्व या मुभेतूनच उभी राहिली, आणि त्यासाठी कनूथ यांना मूळ आज्ञावलीत बोट घालावे लागले नाही. सात बिटांची भिंत मात्र कोणत्याही मॅक्रोने ओलांडता येत नव्हती. सात बिट पुरतील ही आपली समजूत चुकीची होती असे कनूथ यांनी मोकळेपणाने लिहिले, आणि एक शेवटचा बदल म्हणून १९९० साली तिसरी आवृत्ती दिली. तीत आठ बिटी संकेत, म्हणजे २५६ चिन्हे, आणि अनेक भाषांचे शब्द तोडण्याचे नियम एकत्र ठेवण्याची सोय आली. त्या २५६ घरांत कोणती अक्षरे कोठे बसवावीत हा प्रश्न मात्र त्यांनी हाती घेतला नाही. तो वापरकर्त्यांनी त्याच वर्षी आयर्लंडमधील कॉर्क येथील अधिवेशनात आपसात ठरविला. मागणी मान्य करतानाही तिचा जेवढा भाग मूळ आज्ञावलीवाचून होत नाही तेवढाच उचलावयाचा, ही रीत येथे नीट दिसते.

त्यानंतर दार बंद झाले. यापुढे गंभीर दोष काढण्यापलीकडे टेकमध्ये काहीही बदलणार नाही असे कनूथ यांनी १९९० सालीच जाहीर केले. आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीबरोबर पाय या गणिती संख्येचा एकेक दशांश पुढे घेईल, आणि आपल्या मृत्यूनंतर तो क्रमांक खुद्द पाय होऊन त्या क्षणी उरलेले सर्व दोष प्रणालीचे गुणधर्म मानले जावेत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. यातील विनोद बाजूस ठेवला तरी विचार गंभीर आहे. जी प्रणाली बदलत नाही तिच्यावर लिहिलेला मजकूर तीस-चाळीस वर्षांनीही त्याच ओळी, तीच पाने देतो. गणिताच्या नियतकालिकांना व ग्रंथालयांना या हमीचे मोल नव्या सोयींहून अधिक आहे. त्या न आलेल्या पत्रांना दिलेले हे उत्तर होते. त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेपासून कनूथ यांनी आपला ई-मेलचा पत्ताही बंद केला, हा योगायोग नसावा.

नुसता नकार देऊन भागत नाही. नाकारलेल्या माणसाला वाट असावी लागते. ती येथे तीन प्रकारे ठेवलेली आढळते. मॅक्रोंचा उल्लेख वर आलाच आहे. दुसरी वाट म्हणजे एक छोटी आज्ञा, जिच्यातील मजकुराचा अर्थ टेक स्वतः लावीतच नाही, तो जसाच्या तसा पुढच्या छपाईयंत्राकडे धाडते. रंग किंवा चित्रे घालण्याचा विचार मूळ आराखड्यात नव्हता. ती या फटीतून आत आली. तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची. टेकचा संपूर्ण संहितापाठ १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला असून तो घेऊन हवे ते करण्यास कोणासही मोकळीक आहे. अट एवढीच की बदललेल्या प्रणालीला ‘टेक’ म्हणावयाचे नाही. हे नाव धारण करू इच्छिणाऱ्या आज्ञावलीला कनूथ यांनी रचलेली एक अत्यंत कुटिल कसोटी तंतोतंत उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणजे नकार आहे तो नावापुरता. मालकीचा नकार नाही.

दोषांची तक्रार मात्र केवळ स्वीकारलीच जात नाही, तर तिला बक्षीसही असे. टेकमधील खरा दोष दाखविणाऱ्यास कनूथ धनादेश पाठवीत, २.५६ डॉलरपासून सुरू झालेली ही रक्कम दरवर्षी दुप्पट होत ३२७.६८ डॉलरांवर येऊन थांबली. बक्षिसामुळे तक्रारींचा पूर येईल ही भीती रास्त होती. तो अडविण्यासाठी बार्बरा बीटन यांच्यासारख्या जाणत्या व्यक्ती अनेक वर्षे मध्ये चाळणीचे काम करीत होत्या. जमलेल्या तक्रारी कनूथ ठराविक वर्षांनीच पाहतात आणि हे अंतर दर वेळी एका वर्षाने वाढत जाते : २००८, २०१४, २०२१. यापुढील पाहणी २०२९ साली व्हावयाची आहे. २०२१ च्या पाहणीनंतर आवृत्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला.

येथवरचे वाचून कोणाला वाटेल की नकाराची ही पद्धत सर्वथा अनुकरणीय आहे. तिची किंमत कोणी दिली तेही पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी दूर जावयास नको. देवनागरीत जोडाक्षरे, वेलांट्या, रफार, मात्रा यांचे परस्परांवर अवलंबून असणारे आकार शेकड्यांनी लागतात. टेकच्या एका मुद्राक्षरसंचात २५६ घरे, आणि वर्णांचा क्रम उच्चाराप्रमाणे घेऊन पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे यांसारखी कामे करण्याची तिची तयारी नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ साली यावर उपाय काढला तो असा : लेखकाने मराठी मजकूर रोमन अक्षरांत ठराविक संकेतांनी लिहावयाचा, एका वेगळ्या आज्ञावलीने त्याचे टेकला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतर करावयाचे, आणि मग टेकने तो जुळवावयाचा. अक्षरे सुरेख येत. या संचात मुंबई व कलकत्ता अशा दोन्ही वळणांची अक्षरे असल्यामुळे आपल्या डोळ्यांना ती परकी वाटत नसत. पण मुद्रिते तपासणाऱ्याला रोमन लिपीतील मूळ मजकुरात चूक शोधणे म्हणजे आरशात पाहून सुईत दोरा ओवण्यासारखे होते. देवनागरी थेट लिहून थेट जुळविण्याची सोय जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक’ या नव्या नावाच्या प्रणालीत आणली ती २००४ साली. आठ बिटांची मागणी करणारे युरोपीय १९८९ च्या सभेत उपस्थित होते. देवनागरीची बाजू मांडणारे प्रभावी असे कोणी त्या दारात उभे नव्हते, आणि दार पुढच्याच वर्षी बंद झाले. म्हणजे ज्यांचे पत्र येत नाही अशांचा वर्ग एक नाही, दोन आहेत : ज्यांचे भागते आहे म्हणून जे लिहीत नाहीत ते, आणि ज्यांचे मुळीच भागत नाही म्हणून जे वापरकर्ते झालेलेच नाहीत ते. कनूथ यांची पद्धत पहिल्यांना जितका न्याय देते तितका दुसऱ्यांना देऊ शकली नाही. नावाची अट घालून संहितापाठ खुला ठेवला होता म्हणूनच चौदा वर्षांनी का होईना झीटेक उभी राहू शकली, हेही तितकेच खरे.

दुसरी किंमत फाटाफुटीची. नाकारलेल्या मागण्या घेऊन ई-टेक, पीडीएफटेक, झीटेक, लुआटेक अशा प्रणाली निघाल्या. आज टेकवर लिहितो असे म्हणणारा लेखक बहुधा त्यांपैकीच एखादी वापरतो. लाटेकच्या संवर्धकांनी मधला मार्ग काढून पाहिला. जुन्या मजकुराची पाने हलू नयेत म्हणून १९९४ च्या आवृत्तीनंतर सापडलेल्या कित्येक दुरुस्त्या त्यांनी मूळ गाभ्यात न घालता वेगळ्या जोडसंचात ठेवल्या. ज्याला हव्या त्याने तो संच मागवून घ्यावा. सुमारे वीस वर्षे ही व्यवस्था चालली. तिचा परिणाम असा झाला की नवा लेखक, ज्याला जुन्या पानांशी काही देणेघेणे नव्हते, तोही संच मागवावयाचे विसरून जुनेच दोष वापरीत राहिला. अखेर २०१५ साली धोरण उलटविण्यात आले. दुरुस्त्या गाभ्यात गेल्या, आणि ज्याला जुनी पाने जशीच्या तशी हवीत त्याने अमुक तारखेची आवृत्ती पाहिजे असे मजकुरातच लिहावयाचे. प्रस्तुत लेखकाच्या मते आजवरच्या तोडग्यांत हा अधिक शहाणपणाचा आहे : ओझे नव्यावर न टाकता, ज्याला स्थैर्य हवे त्याला ते एका ओळीच्या मोबदल्यात मिळते.

मागणी मान्य केल्याने काय घडते हे पाहावयाचे तर आपल्याच लिपीच्या संकेतांकनाकडे, म्हणजे युनिकोडकडे वळावे. तेथे नव्या चिन्हाची मागणी छापील अर्जावर करावी लागते. हे चिन्ह कोण वापरतो, छापील नमुने कोठे आहेत, आधीच्या चिन्हांच्या संयोगाने ते साधत नाही काय, असे प्रश्न त्यात विचारलेले असतात. एवढी कसून तपासणी होण्याचे कारण असे की, १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तेथे असा नियम आहे की एकदा दिलेले चिन्ह काढून घेता येत नाही किंवा दुसऱ्या जागी हलविता येत नाही.

मराठीतील ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात आडवा, कोयरीसारखा र. इंग्रजी परिभाषेत त्याला पापणीची उपमा देतात. हा दुसरा र हिंदीत लागत नाही, मराठीत त्याच्यावाचून अर्थ बदलतो. भारतीय प्रमाणसंकेताच्या परंपरेप्रमाणे तो नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त करून साधतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत तो साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे शून्य रुंदीचा जोडक घातल्याने साधत असे. आज दोन्ही रीती ग्राह्य आहेत : पहिली परंपरेसाठी, दुसरी आधी लिहिल्या गेलेल्या मजकुरासाठी. कागदावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांना समान मानण्याचा नियमही नाही. ‘ॲ’ची कथा याच जातीची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि २००९ साली महाराष्ट्र शासनाने वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा त्याला तीत स्थान मिळाले. त्यापूर्वी लोक ‘अ’वर वेगळा चंद्र बसवीत, किंवा हिंदीतील ‘ऍ’ वापरीत. मागणी रास्त होती व ती मान्य झाली हे योग्यच झाले. पण जुना मजकूर जागच्या जागी राहिला, आणि एका अक्षराचे तीन संकेत झाले.

कोशकार्यासाठी किंवा शब्दवारंवारितेसाठी संगणकस्थ मराठी मजकूर चाळणाऱ्या अभ्यासकाला याचा उपद्रव रोजचा आहे. ‘दऱ्या’ किती वेळा आला हे मोजताना एका रीतीने लिहिलेला शब्द शोधला तर दुसऱ्या रीतीचे सर्व उल्लेख निसटतात, आणि मोजणी चुकली हे कळण्याचे काही चिन्हही दिसत नाही. शोधाच्या आज्ञावलीनेच दोन्ही रूपे एक मानावीत ही मागणी त्या त्या आज्ञावलीच्या कर्त्यांकडे करण्यासारखी आहे, कारण युनिकोडमध्ये ती आता पुरी होणे नाही. ती करताना ‘अमुक बटण द्या’ असे न लिहिता, दोन्ही रूपांतील एकेक वाक्य, ते टंकताना कोणती चिन्हे दाबली, आणि शोधात काय सापडावयास हवे होते व काय सापडले, एवढे लिहून पाठवावे. उपाय कर्त्याला सुचेल. अडचण त्याला दिसत नसते. तोपर्यंत मोजणी करणाऱ्याने मजकूर हाती घेताच त्यातील आडवे र आणि ‘ॲ’ प्रथम एका रीतीत आणून घ्यावेत, आणि मूळ प्रत न बदलता वेगळी राखावी.